आयव्हीएफचं बाळ: तब्येतीचं काय बघायचं, काय विचारायचं आणि कशाची चिंता सोडायची

बीटा एचसीजीचा, म्हणजे दिवस गेल्याच्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, घरात आनंद झाला, कुणाला सांगायचं आणि कुणाला नाही यावरून नवऱ्याशी एक वाद पण होऊन गेला, आणि मग रात्री झोप लागत नाही म्हणून बाई मोबाईल घेऊन बसते की आयव्हीएफची, म्हणजे स्त्रीबीज आणि शुक्राणू लॅबमध्ये एकत्र करून झालेली, मुलं पुढे आजारी पडतात का, त्यांचं डोकं नीट चालतं का, त्यांना स्वतःला मुलं होतात का. उत्तरं दोन टोकांची मिळतात. जाहिरात म्हणते काहीच फरक नाही, आणि व्हॉट्सॲपवरचा फॉरवर्ड म्हणतो अशा मुलांना कॅन्सर होतो. दोन्ही बाजूला ठेवा.

मी गोव्यातल्या डिचोलीची, डॉक्टर नाही, पण आमचा मुलगा आयव्हीएफचा, आता शाळेत जातो आणि रोज कुठेतरी गुडघा फोडून येतो. हे लिहितेय ते अशा बायकांसाठी ज्या ओळखीतून मला फोन करतात आणि पहिला प्रश्न हाच विचारतात. माझं म्हणणं एवढंच की "टेस्ट ट्यूब" हा शब्द डोक्यातून काढा आणि तीन गोष्टी धरून बसा: पोटात किती बाळं, किती आठवड्यांना जन्म, आणि जन्माचं वजन. आयव्हीएफच्या मुलांच्या तब्येतीत जो काही फरक अभ्यासात दिसतो त्यातला मोठा भाग या तिघांतूनच येतो, आणि थोडा भाग आईबापांकडून येतो, म्हणजे वय, शुगर, बीपी, थायरॉइड, ज्या कारणाने मूल राहत नव्हतं ते कारण. लॅबमधल्या बशीचा वाटा असेल तर तो लहान आहे.

हे मी मनाचं सांगत नाही. लुईस ब्राउन १९७८ साली इंग्लंडमध्ये जन्मली, आपल्याकडे त्याच वर्षी कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी दुर्गाचा जन्म घडवला आणि त्या बिचाऱ्या माणसावर तेव्हा कुणी विश्वास ठेवला नाही, मग १९८६ ला मुंबईत केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हाताखाली हर्षा जन्मली. या सगळ्या बायका आता मोठ्या झाल्यात, हर्षाला २०१६ मध्ये स्वतःचं बाळ झालं. जगात आजपर्यंत एक कोटीपेक्षा जास्त मुलं अशी झालीत. त्यामुळे "अजून काही माहीतच नाही" असं कोण म्हणत असेल तर ते खरं नाही, चाळीसेक वर्षांपर्यंतचं माहीत आहे. सत्तरीत काय होईल ते अजून कुणी बघितलेलं नाही, कारण सत्तरीला कुणी पोचलेलंच नाही.

आता कामाचं.

पहिलं काम एम्ब्रियो ट्रान्सफरच्या, म्हणजे लॅबमध्ये तयार झालेला गर्भ गर्भाशयात ठेवण्याच्या, आधीचं आहे. एकच एम्ब्रियो ठेवा असं डॉक्टर म्हणाले तर भांडू नका, आणि ते दोन-तीन म्हणाले तर विचारा का. मला कळतं, इतके पैसे घातलेत, एकदाच जुळी झाली की सुटलो, सासूबाई पण म्हणतात एका बाळंतपणात दोन. पण जुळ्यांतली निम्म्याहून जास्त सदतीस आठवड्यांच्या आधी जन्मतात, आणि वेळेआधी जन्म म्हणजे काचेची पेटी, श्वासाचा त्रास, दूध ओढता न येणं, डोळ्यांची तपासणी, आणि आईला बीपी चढणं वेगळंच. स्वीडनने २००३ पासून एकच एम्ब्रियोचा नियम धरला, तिथे आयव्हीएफच्या जुळ्यांचं प्रमाण चौथ्या हिश्श्यावरून पाच टक्क्यांच्या आसपास आलं, आणि जास्तीचे एम्ब्रियो गोठवून पुढच्या वेळी वापरले की एकूण यश काही फार कमी होत नाही. मुलाच्या तब्येतीसाठी तुमच्या हातात असलेला हा सगळ्यात मोठा निर्णय आहे, बाकी सगळं यानंतर.

बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, २०२३ पासून आयव्हीएफ फुकट होतं, तिथे जा नाहीतर प्रायव्हेटला जा, प्रश्न तेच विचारायचे. फ्रेश ट्रान्सफर की फ्रोझन, म्हणजे गोठवलेल्या एम्ब्रियोचं? फ्रोझनची बाळं सरासरीने वजनाला जरा जास्त असतात, कमी वजनाचा धोका कमी, पण आईला बीपी वाढण्याचा धोका त्यात थोडा जास्त दिसतो, म्हणून फ्रोझन असेल तर बीपी मोजणं चुकवू नका. साधं आयव्हीएफ की इक्सी, म्हणजे एक शुक्राणू सुईने आत सोडतात ते? इक्सी १९९२ पासून आहे, आणि आपल्याकडे आता गरज असो नसो सर्रास करतात असं मला वाटतं, तेव्हा "आमच्या केसमध्ये कशासाठी" हे विचारायला लाजू नका. नवऱ्याचा शुक्राणूंचा काऊंट खूपच कमी असेल तर ट्रान्सफरच्या आधी त्याची कॅरिओटाईप, म्हणजे सगळ्या क्रोमोसोमची तपासणी, आणि वाय क्रोमोसोमची वेगळी तपासणी करून घ्या, कारण वायवरचा तुकडा गळालेला असेल तर तो मुलग्याकडे जसाच्या तसा जातो. थॅलसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी पण दोघांची, एकदाच करायची असते आणि स्वस्त असते.

दिवस गेल्यावर तारखेचा घोळ होतो, तो असा सोडवा. आपली पाळीची तारीख आयव्हीएफमध्ये कामाची नसते. पाच दिवसांचा एम्ब्रियो ठेवला असेल तर ट्रान्सफरच्या तारखेतून एकोणीस दिवस मागे जा, ती तुमची "पाळीची तारीख", आणि ट्रान्सफरपासून दोनशे एकसष्ट दिवस पुढे गेलं की ड्यू डेट. म्हणजे १० जूनला ट्रान्सफर झालं तर पाळी २२ मे धरायची आणि ड्यू डेट २६ फेब्रुवारी. हे कागदावर मोठ्या अक्षरात लिहून प्रत्येक सोनोग्राफीला न्या, कारण हेल्थ सेंटरात किंवा नवीन डॉक्टरकडे कुणीतरी पाळीची तारीख विचारतं, आपण जुनी सांगतो, आणि मग बाळ आठवडाभर लहान दिसायला लागतं आणि घरात उगाच रडारड. पुढे बाळ लवकर झालं तर किती आठवड्यांचं हा आकडा पण याच तारखेवरून निघतो.

अकरा ते तेरा आठवड्यांची डबल मार्कर, म्हणजे बाळाला डाऊन सिंड्रोम वगैरे असण्याचा धोका सांगणारी रक्ततपासणी, करताना फॉर्मवर आयव्हीएफ म्हणून लिहायला लावा आणि वय लिहिताना तुमचं आजचं वय नाही, स्त्रीबीज काढलं तेव्हाचं वय. दोन वर्षं एम्ब्रियो गोठवलेला असेल तर दोन वर्षांपूर्वीचं, डोनर बीज असेल तर डोनरचं. हे चुकलं तर रिपोर्ट उगाच हाय रिस्क येतो, नाहीतर त्याहून वाईट म्हणजे उगाच लो रिस्क. लॅबवाल्याला वाईट वाटलं तर वाटू दे, दोनदा सांगा. बाजूला सासरचं कुणी बसलंय म्हणून डोनरची गोष्ट लपवायची असेल तर आत एकटीने जाऊन सांगा, पण सांगा.

अठरा ते वीस आठवड्यांचा ॲनॉमली स्कॅन, म्हणजे बाळात व्यंग आहे का बघणारी सोनोग्राफी, तर सगळ्यांचाच होतो. आयव्हीएफमध्ये त्याच्या जोडीला बाळाच्या हृदयाचा इको, म्हणजे फीटल इको, करून घ्यावा असं बरेच डॉक्टर सांगतात, कारण जन्मजात हृदयदोष एरवी शंभरात एकाच्या आसपास असतात आणि आयव्हीएफमध्ये ते प्रमाण किंचित जास्त दिसतं. त्यांनी सांगितलं नाही तर तुम्ही विचारा.

व्यंगांचा आकडा नीट समजून घ्या कारण यावरूनच जास्त घाबरवतात. दक्षिण ऑस्ट्रेलियात तीन लाखांवर जन्म तपासून २०१२ ला एक अभ्यास आला, त्यात उपचाराने झालेल्या मुलांत ८.३ टक्के आणि बाकीच्यांत ५.८ टक्के काही ना काही दोष सापडला. आकडे मोठे वाटतात कारण त्यांनी मूल पाच वर्षांचं होईपर्यंत सापडलेले सगळे दोष मोजले. आईचं वय वगैरे हिशोबात धरल्यावर साध्या आयव्हीएफमधला फरक जवळजवळ गेला, इक्सीमधला राहिला. आणि इक्सी ज्यांना लागते त्या बापांचीच काही अडचण असते, तेव्हा सुईचा दोष किती आणि मुळाचा किती हे वेगळं काढता येत नाही. मी याचा अर्थ असा घेते की शंभरातली नव्वदच्या वर मुलं ठीक असतात, दोन्हीकडे, आणि स्कॅन मात्र टाळायचा नाही.

"दुप्पट धोका", "चौपट धोका" अशी बातमी दिसली की आधी विचारायचं, कशाच्या चौपट. बेकविथ-वीडेमान नावाचा एक आजार आहे, त्यात जीभ मोठी असते, बेंबीपाशी आतडं बाहेर येऊ शकतं, जन्मल्यावर शुगर उतरते, कधी एक हात किंवा पाय दुसऱ्यापेक्षा जाड असतो. एरवी हा दहा-पंधरा हजारांत एकाला होतो. आयव्हीएफमध्ये काही पटींनी जास्त, तरीही काही हजारांत एक. बातमीला पट मिळते, आपल्याला हजार बघायचे. पण ही लक्षणं माहीत असलेली बरी, कारण या मुलांना लहानपणी किडनीच्या गाठीचा धोका असतो आणि दर तीन महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी केली की ती वेळेत सापडते.

कॅन्सरचं विचाराल तर ब्रिटनमध्ये १९९२ ते २००८ या काळात जन्मलेल्या एक लाख सहा हजार मुलांचा पाठपुरावा झाला. त्या वयात एरवी जितके कॅन्सर अपेक्षित होते ते साधारण ११०, प्रत्यक्षात सापडले १०८. दोन अगदी दुर्मिळ गाठींचं प्रमाण किंचित जास्त दिसलं, बाकी काही नाही. ऑटिझमचं पण तसंच, स्वीडनने पंचवीस लाख मुलांची नोंद तपासली, २०१३ ला छापलं, आयव्हीएफमुळे एकूणात ऑटिझम वाढलेला दिसला नाही, बौद्धिक अडचणीचं प्रमाण जरासं जास्त दिसलं आणि ते परत जुळी-तिळी आणि वेळेआधीच्या जन्माकडेच बोट दाखवतं.

आता बाळ झालं. वेळेवर झालं, वजन अडीच किलोच्या वर, एकटंच, तर हा पुढचा परिच्छेद सोडून द्या, तुमचं बाळ इतर बाळांसारखं वाढवा, डोस वेळेवर द्या, व्हिटॅमिन डीचे थेंब द्या आणि झोप मिळेल तेव्हा झोपा.

लवकर झालं असेल तर ऐका. डिस्चार्जच्या आधी विचारायचं की डोळ्याच्या पडद्याची तपासणी कधी. चौतीस आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोच्या आत जन्मलेल्या बाळाची ती साधारण महिन्याच्या आत व्हायलाच हवी, फार लहान बाळाची दोन-तीन आठवड्यांतच. ही तारीख चुकून चालत नाही, कारण आरओपी नावाचा पडद्याचा त्रास बाहेरून दिसत नाही, बाळ डोळे उघडून बघतं, आपल्याला वाटतं सगळं बरं आहे, आणि उशीर झाला तर नजर जाते. कानाची तपासणी महिन्याभरात, आणि बाळ एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूत, पाच दिवसांपेक्षा जास्त राहिलं असेल तर बेरा टेस्ट मागून घ्या, तीत कानापासून मेंदूकडे आवाज पोचतो का ते कळतं, फक्त आतला कान बघणारी साधी ओएई पुरत नाही. टाचेतून रक्त घेतात ती थायरॉइडची तपासणी झाली का, आणि बाळ लवकरचं असेल तर ती परत कधी करायची. लोहाचे थेंब कधीपासून. कांगारू केअर, म्हणजे बाळाला उघड्या छातीशी धरून बसणं, घरी किती तास, आणि ते बापाने केलं तरी चालतं, उलट बापाला बसवाच, पंखा बंद करून शर्ट काढून बसला की त्याला पण कळतं बाळंतपण म्हणजे काय.

घरी आल्यावर आपल्याकडे न्हाण घालायला बाय येते. चांगली असते, आईला तिचा आधार असतो, मी विरोधात नाही. पण दीड-दोन किलोच्या बाळाला डॉक्टरने हो म्हणेपर्यंत न्हाण नाही, पुसून घ्यायचं. कानानाकात तेल नाही. आणि धुरी तर अजिबात नाही, ओवा-लसणीची असली तरी नाही, ज्याची फुफ्फुसं पेटीत राहून जेमतेम तयार झालीत त्याच्या खोलीत धूर कशाला. बाळगुटी, मध, साखरेचं पाणी पण नको. आजी रुसेल. आजीला डॉक्टरकडे घेऊन जा आणि त्यांच्या तोंडून ऐकवा, आपण सांगितलेलं पटत नाही आणि डॉक्टरने सांगितलेलं "आमच्या डॉक्टरबाय म्हणाल्या" म्हणून तीच सगळ्या वाड्याला सांगते. सटीला पंचवीस माणसं बाळ हातात घेऊन फिरवणार असतील तर तेही पुढे ढकला.

वय मोजायचं पण वेगळं. दोन महिने लवकर आलेलं बाळ सहा महिन्यांचं झालं की बसणं-वळणं चार महिन्यांच्या बाळासारखं बघायचं, हे दोन वर्षांपर्यंत. डोस मात्र खऱ्या जन्मतारखेनेच द्यायचे, ते मागे ढकलायचे नाहीत, यात लोक नेहमी घोळ करतात. शेजारच्या बाळाशी तुलना सुरू झाली की हे करेक्टेड वय तोंडावर फेका. आणि करेक्टेड वयाने पण काही मागे वाटत असेल, नजर देत नाही, एकच हात वापरतं, अंग कडक धरतं, तर "मुलगे उशिराच बोलतात" असं म्हणत वर्ष घालवू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंत ही तपासणी आणि थेरपी सरकारी आहे, आपल्या हेल्थ सेंटरच्या डॉक्टरकडून चिठ्ठी घ्यायची.

एक वेगळी फाईल करा. त्यात ट्रान्सफरची तारीख, किती एम्ब्रियो ठेवले, फ्रेश की फ्रोझन, इक्सी होती का, सुरुवातीला जुळी दिसून एक विरघळलं का (तसं झालं तर राहिलेलं बाळ वजनाला थोडं कमी असू शकतं), जन्माचे आठवडे, वजन, एनआयसीयूचा डिस्चार्ज. सोनोग्राफीचे फोटो थर्मल कागदावर असतात, ते आपोआप पुसट होतात आणि गोव्याच्या पावसात तर कपाटात ठेवलेल्या कागदाला बुरशी धरते, तेव्हा घरी आल्या आल्या मोबाईलवर फोटो काढा, नवऱ्याच्या मोबाईलवर पण पाठवा. क्लिनिक बंद पडतात, डॉक्टर दुसरीकडे जातात. २०२१ च्या एआरटी कायद्याने क्लिनिकला दहा वर्षं रेकॉर्ड ठेवावं लागतं आणि मग ते राष्ट्रीय नोंदणीकडे जातं, पण त्याच्या मागे धावण्यापेक्षा आजच कॉपी मागा. याच कायद्यात आयव्हीएफने झालेलं मूल हे त्या जोडप्याचं स्वतःचंच मूल आणि त्याला सगळे हक्क, असं स्पष्ट लिहिलंय, डोनर असला तरी. घरात जमिनीवरून कुणी वाकडं बोललं तर माहीत असू द्या.

पुढच्या वर्षांत काय? तीन वर्षांनंतर वर्षातून एकदा बीपी मोजून घ्या, लहान पट्ट्याने. काही अभ्यासांत आयव्हीएफच्या मुलांचं बीपी किंचित वर दिसलं, काहींत दिसलं नाही, आणि ऑस्ट्रेलियात बावीस ते पस्तीस वयाच्या १९३ जणांना तपासलं तेव्हा हृदय-रक्तवाहिन्या बाकीच्यांसारख्याच निघाल्या. तरी बीपी मोजायला काय जातं. दुसरी गोष्ट वजनाची, आणि इथे दोष आपलाच असतो. खूप वाट बघून झालेलं मूल म्हणून त्याला भरवत सुटतात, लहान जन्मलं म्हणून तर जास्तच, आणि लहान जन्मून पटकन जाड झालेल्या मुलालाच पुढे शुगर-बीपीचा धोका जास्त असतो. नाचण्याची पेज, मासळी, भात, उसळ, आणि मैदानात सोडा. सर्दी झाली की गोमेकॉत धावायचं नाही, मातीत खेळला म्हणून ओरडायचं नाही. डॉक्टरला "आयव्हीएफचं आहे ना डॉक्टर" असं प्रत्येक तापाला सांगायची गरज नाही. आठवडे आणि वजन सांगा, त्यांना तेच हवं असतं.

शाळेच्या फॉर्मवर हे कुठेही लिहायचं नसतं. "टेस्ट ट्यूबाचें भुरगें" म्हणणारी एक तरी बाई प्रत्येक गावात असते, चवथीला भेटतेच. तिला समजावत बसू नका, करंज्या द्या आणि पाठवा.

मुलाला मात्र सांगा, आणि लहानपणीच, पाच-सहा वर्षांचा झाला की साध्या भाषेत, डॉक्टरने मदत केली म्हणून. सोळाव्या वर्षी दुसऱ्याकडून कळलं की त्रास होतो. तब्येतीसाठी पण ते लागतं. इक्सीने झालेल्या मुलांचा ब्रसेल्समध्ये अभ्यास झाला, तरुण झाल्यावर त्यांतल्या मुलग्यांचा काऊंट सरासरीने कमी निघाला. तेव्हा मुलगा लग्नाच्या वयात आला की त्याला हे माहीत हवं, म्हणजे तो पस्तिशीपर्यंत थांबायचं की आधीच एक साधी तपासणी करून घ्यायची ते स्वतः ठरवेल. आणि डोनर बीज किंवा शुक्राणू असेल तर आणखी एक. मोठेपणी कुठलाही डॉक्टर पहिल्यांदा विचारतो घरात कुणाला शुगर आहे का, हार्टचं आहे का, स्तनाचा कॅन्सर कुणाला झाला का. पोरगी आईकडे बघून "आजीला होता" असं सांगेल आणि ते उत्तर तिच्यासाठी चुकीचं असेल. डोनरचं नाव कायद्याने मिळत नाही, पण रक्तगट, वय आणि ज्या तपासण्या झाल्या त्या कागदावर असतात, त्यांची कॉपी ट्रान्सफरच्या दिवशीच मागून घ्या.